कापलेला कोपरा

ज्या वर्षांत मी चित्रांचे तुकडे चिकटवत बसायचे, त्या वर्षांत माझ्याशी बोलायला फारसं कोणी नव्हतं. अकोल्यात एका शिकवणी वर्गाच्या वरच्या मजल्यावर माझी खोली होती. खाली दिवसभर पोरांच्या गाड्या, हॉर्न आणि रसायनशास्त्राची सूत्रं; वर मी, कात्री आणि खळीची वाटी. शाळेत चित्रकला शिकवायची, घरी यायचं आणि मेलेल्या गोऱ्या साहेबांची मुंडकी कापायची. शेजारीण माझ्याबद्दल हे असंच सांगायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

हे साहेब मला गावातल्या एका रद्दीवाल्याकडे भेटले. कापसाच्या कुठल्याशा जुन्या कंपनीचा बंगला रिकामा झाला, तेव्हा दीडशे वर्षांपूर्वीची विलायती मासिकं त्याच्याकडे पोत्यांनी आली होती. त्यांत छायाचित्रं नव्हती. सगळी बारीक रेघांनी कोरलेली चित्रं: फुगीर झग्यांतल्या बाया, दाढीवाले पुरुष, जिनिंगची यंत्रं, शंख, फुलपाखरं. मी बाईच्या मानेवर यंत्र बसवायची, साहेबाला अंघोळीच्या टबासकट ढगात ठेवायची. एका रेघेला दुसरी रेघ नीट भिडली की कुठं कापलंय ते कळतच नाही. खोटं इतकं बेमालूम जुळतं, याचा मला फार आनंद व्हायचा. तेवढाच एक होता.

त्यांतल्या एका चित्रात दोन मुली जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या. त्यांच्या मध्ये ताटाऐवजी घराएवढा शंख. एका मुलीचा चेहरा मी तसाच ठेवला आणि दुसरीच्या चेहऱ्यावर करडा पतंग लावला, पंख पसरलेला. ही मी आणि माझी थोरली बहीण. तसं मी कोणाला सांगितलं नव्हतं.

ताई बाळापुरात दिलेली. तिच्या सासरच्या नात्यातलं एक स्थळ मला आलं होतं. बैठक झाली, सुपारी फुटायची तेवढी राहिली, आणि मी नाही म्हटलं. तिचं सासरी नाक कापलं गेलं. ती म्हणाली, यापुढं तू मला मेलीस. मी म्हटलं, बरं. तेव्हापासून चार वर्षं अबोला होता. आईवडील गेलेले, त्यामुळे मध्ये पडायलाही कोणी उरलं नव्हतं.

बाजारात लग्नपत्रिका छापणारे एक चाचा होते. त्यांच्याकडे मी ही चित्रं जाड कागदावर छापून घ्यायची. मोजक्या प्रती, प्रत्येकीखाली माझं बारीक छापील नाव, पेन्सिलीनं क्रमांक आणि सही, आणि काम झालं की छापायची जाळी धुऊन टाकायची, म्हणजे पुन्हा एकही निघू नये. चाचांना हे पटायचं नाही. त्या वर्षांत कापूस बुडालेला, लग्नंसुद्धा लोक उरकून घेत होते, पत्रिकांचं काम रोडावलं होतं. ते म्हणायचे, लोग जास्त छापा म्हणतात, तुमी कमी छापा म्हणता, अन् वरून धुवाले लावता.

सुरुवातीच्या दोन-चार प्रतींवर शाई नीट बसत नाही. त्या मोजणीत येत नाहीत. चांगल्या प्रतींत त्या मिसळू नयेत म्हणून मी त्यांचा वरचा कोपरा तिरका कापून घ्यायची. ही माझीच पद्धत, कोणी शिकवली नव्हती.

शंखाच्या चित्राची अशीच एक प्रत ताईला पाठवावी असं मनात आलं. चांगली प्रत पाठवायला मन धजेना; तिनं चुलीत घातली असती तर? चिठ्ठी लिहायला बसले, तर पहिलाच शब्द सुचेना. माझं अक्षर पाहून ती पाकीट न फोडता परत पाठवील, म्हणून पत्ताही चाचांकडून लिहून घेतला. ते म्हणाले, मीच टाकतो पोस्टात, बाळापूर तर इथून जवळच.

आठवड्याभरानं, शनिवारी दुपारी, अर्ध्या दिवसाची शाळा करून आले होते, तेव्हा दार वाजलं. उघडलं तर ताई. बगलेत पिशवी, केस ओले, पदर डोक्यावरून घेतलेला. माझ्या हातात कात्री होती. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग दाराच्या चौकटीला धरून खाली बसली.

"तू हायेस," ती म्हणाली.

मला काही कळेना. पाणी पिऊन झाल्यावर तिनं सांगितलं. पाकीट आलं ते परक्या अक्षरात. आत काळंभोर चित्र, दोन पोरी, त्यातल्या एकीला तोंड नाही. खाली बारीक छापील अक्षरात माझं नाव. आणि कोपरा कापलेला. जावेनं तो पाहिला आणि तोंडावर हात ठेवला. आपल्याकडे कोपरा फाडलेलं पत्र मरणाचं असतं, ते सांगावं लागत नाही. त्यात त्या वर्षांत कर्जापायी शेतकरी जीव देत होते, तसली पत्रं तालुक्यात इतकी येत होती की कोणी काही विचारायचंच नाही, नुसतं निघायचं. असा कागद घरात ठेवत नाहीत म्हणून ताईनं तो तिथंच दाराबाहेर फाडून टाकला, डोक्यावरून पाणी घेतलं आणि अकोल्याची गाडी धरली.

मला हसू आलं. रडायचं होतं आणि हसू आलं, ते थांबेना. ताई हसली नाही. तिनं पिशवीतून एक पुरचुंडी काढली. भाकरी आणि कोरडं पिठलं. मर्तिकाच्या घरी चूल पेटत नाही, सोयऱ्यांनी भाकरी न्यायची असते, म्हणून तिनं बांधून आणली होती.

"गाडीत सारा रस्ता हाच इचार करून राहिली होती," ती म्हणाली. "हे तिथी कोणाले देऊ? तुह्या घरी रडाले तरी कोण हाय?"

मी हसायची थांबले.

भूक लागली होती, मी पुरचुंडीला हात लावला, तर तिनं तो झटकला. जित्या माणसानं हे खायचं नसतं. तिनं भाकरी खाली नेऊन गायीला घातली, वर येऊन माझा स्टोव्ह पेटवला आणि डब्यात जे सापडलं त्याची खिचडी टाकली. ताट एकच होतं. तिनं मला ताट दिलं आणि आपण पातेल्यातच जेवली. त्या स्थळाचं नाव दोघींनीही काढलं नाही. मी तिला भिंतीवरची चित्रं दाखवली. यंत्राच्या डोक्याची बाई पाहून ती म्हणाली, ही आमच्या सासूसारखी हाय. चार वर्षांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

ती पाचच्या गाडीला निघाली. राहा म्हटलं, तर म्हणाली, घरी सगळे सुतक धरून बसले असतील, जाऊन सांगायला पाहिजे. जिन्यावर चप्पल घालता घालता तिनं मान वर न करता विचारलं,

"मी मेली असती, तं तू आली असती काय?"

खाली शिकवणी सुटली होती आणि पोरं एकदमच गाड्या सुरू करत होती. मी "आले असते" म्हटलं. पण ते म्हणायला मला वेळ लागला, आणि तोवर ती अर्धा जिना उतरून गेली होती.