करंजाखाली कोणी नाही

फाटकावर चिकटवलेला कागद मी आधी इंग्रजीत वाचला आणि मग अडखळत तमिळमध्ये, दोन्हीकडे एकच मजकूर आहे ना हे बघायला. एकच होता. आपली गल्ली महापालिकेला नव्याने बांधायची आहे, फुटपाथ, झाडं, दिवे, सगळंच; तर ती कशी असावी हे रहिवाशांनीच येऊन सांगावं, शनिवारी सकाळी, कोपऱ्यावरच्या लग्नाच्या हॉलमध्ये. खाली कॉफीची सोय आहे असंही लिहिलं होतं. ते वाचलं आणि माझी खात्री पटली की कुठेतरी पाणी मुरतंय.

माझा स्वभावच तसा, आणि नोकरीने तो आणखी बिघडवला. सांगलीहून चेन्नईला आले तेव्हापासून मी इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग तपासून घेते. ज्या दिवशी पुरवठादार स्वतः मालाबरोबर येतो आणि हसून तब्येतीची चौकशी करतो, त्या दिवशी मी पेटीतला सगळ्यात खालचा भाग आधी उचलते. बहुतेक वेळा गडबड तिथेच सापडते.

ज्यांच्या घरात मी वरच्या मजल्यावर भाड्याने राहते त्या मामी माझ्याही वरचढ. तंजावरकडच्या मराठी घराण्यातल्या, लग्न होऊन या गल्लीत आल्या, नवरा आवडी या उपनगरातल्या कारखान्यातून निवृत्त झाला आणि मग वारला. मी घर बघायला आले तेव्हा मराठी असल्याचा पुरावा म्हणून त्यांनी मला एक अख्खी आरती म्हणायला लावली होती. मगच किल्ली हातात पडली.

मी त्यांना कागद दाखवला. त्यांनी तो चष्म्याशिवायच बाजूला सारला.

"विचारायास कां येतात, सांग. घ्यायचें असतें तेव्हांच विचारतात. आमचा ओटा असाच गेला. एक मनुष्य टेप घेऊन आला, गोड बोलला, ओटा केवढा म्हणाला. मी सांगितलें. पुढल्या वर्षीं रस्ता रुंद झाला."

फाटकाबाहेर त्या ओट्याची एक पायरी अजून उरली आहे, कुठेच न नेणारी. मामी रोज सकाळी तिच्यावरही कोलमची रांगोळी काढतात.

पण आता काळजी ओट्याची नव्हती. काळजी होती इस्त्रीच्या गाड्याची. आमच्या फाटकासमोर करंजाचं झाड आहे. त्याच्या सावलीत इस्त्रीवाली कोळशाची इस्त्री घेऊन उभी असायची. आधी तिचा नवरा उभा राहायचा, तो गेल्यावर ती. माझे कंपनीचे शर्ट, मामींच्या सुती साड्या, गल्लीतल्या प्रत्येक घराचं एकेक गाठोडं तिच्याकडे. घरांच्या किल्ल्या तिच्याकडे, आलेली पार्सलं तिच्याकडे. परवाना मात्र कसलाच नव्हता. ती सावली गेली तर तिची भाकरी गेली, हे तिलाही ठाऊक होतं आणि आम्हालाही.

शनिवारी हॉलमध्ये आमच्या गल्लीचा नकाशा जमिनीवर अंथरला होता, जेवणाच्या पंगतीएवढा लांब. नकाशा करणारी मुलगी गुडघ्यावर बसून समजावत होती. प्रत्येकाला रंगीत टिकल्या दिल्या होत्या. जिथे त्रास होतो तिथे लाल लावा. जिथे तुम्ही बसता, थांबता, बोलता, जे तुम्हाला हवंच आहे, तिथे हिरवी. लाल टिकल्या पटापट लागल्या. गटारावर तर एकावर एक. हिरवी कोणी लावेना. ज्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी चार म्हातारे बसतात, त्या कट्ट्यावरचेच चार म्हातारे हाताची घडी घालून उभे होते. अतिक्रमण म्हणून नोंद झाली तर, असा विचार सगळ्यांच्या तोंडावर वाचता येत होता.

"गल्लीत कोणी विक्रेते, कोणी गाडा लावणारं?" मुलीने विचारलं.

"कोणी नाही," मामी म्हणाल्या. मग सगळेच तसं म्हणाले. मीही म्हणाले. मुलीने पुन्हा विचारलं, आणि थोड्या वेळाने आणखी एकदा. तिसऱ्यांदा विचारते म्हणजे हिला काहीतरी कळलंय, असं मी मामींच्या कानात सांगितलं.

पुढच्या रविवारी ती मंडळी गल्ली चालत बघणार होती. काय कुठे आहे ते मोजणार, फोटो काढणार. युक्ती माझी होती. गाडा शनिवारीच आमच्या फाटकाच्या आत, मामींच्या विहिरीमागे ढकलून ठेवायचा. झाडाखालचे कोळशाचे डाग झाडून टाकायचे. गल्लीने इतक्या एकदिलाने याआधी काहीच केलं नव्हतं. ज्या दोन घरांमध्ये पाण्याच्या मोटरवरून बोलणं बंद होतं, त्या घरांतल्या पुरुषांनी मिळून गाडा ढकलला.

इस्त्रीवालीलाच तेवढं ते पटत नव्हतं. त्या नकाशावाल्या मुलीने म्हणे आदल्या दिवशी तिच्याकडे दुपट्टा इस्त्रीला दिला होता आणि तिलाही एक हिरवी टिकली दिली होती. ती टिकली तिने गाड्याच्या खांबाला चिकटवून ठेवली होती.

"अक्का, मी झाडाखाली उभी राहून सांगू का, मी इथे असते म्हणून?" तिने मला तमिळमध्ये विचारलं. "ती पोरगी बरी वाटली."

"बरी वाटणारीच माणसं पाठवतात," मी म्हणाले. "तू आत बस. कोणी विचारलंच तर घरकामाला येते म्हणायचं. बाकी काही बोलायचं नाही."

तिने ते वाक्य माझ्यासमोर दोनदा म्हणून दाखवलं. माझ्यावर तिचा विश्वास होता. आज हे लिहितानाही मला त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

रविवार सुरळीत पार पडला. मोजणीच्या शेवटी त्या मुलीने तक्ता पुढे केला आणि रहिवाशांपैकी दोघांनी बघून सही करावी असं सांगितलं. तक्ते वाचायची सवय मलाच, म्हणून सगळ्यांनी मला पुढे केलं. 'करंजाचं झाड, खाली मोकळी जागा.' मी नीट वाचलं आणि सही केली. कारखान्यात आजवर खोट्या तपासणीवर मी एकदाही सही केलेली नाही. इथे केली, आणि वर जाऊन समाधानाने कॉफी प्यायले.

चार-पाच महिन्यांनी आराखडा हॉलबाहेर लागला. गल्ली खरंच सुंदर दिसत होती. फुटपाथ रुंद होता, गटार झाकलेलं होतं, झाडं सगळी राखली होती. करंजाखाली दुचाकींची रांग होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना लोखंडी खांब. मोकळी जागा होती ना. शेजारच्या गल्लीचाही आराखडा तिथेच होता. तिथल्या लोकांनी शहाळेवाल्याच्या जागी हिरव्या टिकल्यांचा थर दिला होता. त्याच्यासाठी छप्पर असलेला चौकोन काढला होता, बाजूला पाण्याचा नळसुद्धा.

मी तिथे उभी राहून आधी कारस्थान शोधलं. सवयीने. मग माझी सही आठवली.

काम सुरू झालं, गाडा हलवावा लागला. ती मुख्य रस्त्यावर, बसथांब्यापलीकडे उन्हात उभी राहू लागली. तिथेही रोज कोणी ना कोणी हटकायचं. घरोघर येऊन गाठोडी न्यायची आणि परत आणून द्यायची. हनुवटीपर्यंत कपड्यांचा ढीग धरून ती येताना मला बसमधून दिसायची आणि मी मान फिरवायचे.

शेवटी एक दिवस रजा टाकून मी त्या मुलीच्या ऑफिसात गेले आणि आम्ही खोटं बोललो हे सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फाइल काढली, फोटो दाखवला, माझी सही दाखवली. "आम्ही तीनदा विचारलं होतं," एवढंच म्हणाली. मग म्हणाली की झाडाखालचं काँक्रीट अजून पडलेलं नाही. गुरुवारी इंजिनियर येतील. गाडा तिथे पूर्वीपासून होता असं एखाद्या जुन्या रहिवाशाने सांगितलं तर जागा सोडता येईल.

संध्याकाळी मामींना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि "बरें" म्हणाल्या. ते मी होकार समजून चालले. इस्त्रीवालीला मात्र काही सांगितलं नाही. उगाच आशा लावायला नको, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं तर साहेबापुढे ती काहीतरी भलतंच बोलेल याची मला भीती होती.

गुरुवारी इंजिनियर आले तेव्हा मामी त्या उरलेल्या पायरीवर उभ्या होत्या. तीही तिथेच होती, मामींच्या साड्या द्यायला आलेली.

"या झाडाखाली इस्त्रीचा गाडा होता का, मामी?" त्यांनी नम्रपणे विचारलं. फार नम्रपणे.

"लग्न करून आले तेव्हापासून बघते आहे," मामी शुद्ध तमिळमध्ये म्हणाल्या. "इथे कधीच कोणी नव्हतं." मग माझ्याकडे वळून मराठीत, हळू आवाजात, "तुज गोड बोलून फिरवलें त्यांनीं. मला फिरवतां यायचें नाहीं."

मी मध्ये पडले. मामी खरं सांगत नाहीत, गाडा होता, रोज होता, आम्हीच लपवला. इंजिनियरांनी हातातल्या तक्त्यावरची माझी सही बघितली आणि मग माझ्याकडे. "मॅडम, तेव्हा एक म्हणालात, आता एक म्हणता." त्यांच्या नजरेतला तो संशय मला ओळखीचा होता. माल तपासताना मीही अशीच बघते.

"हिचाच गाडा," मी तिच्याकडे बोट दाखवून म्हणाले. "हिलाच विचारा."

ते तिच्याकडे वळले. "तुम्ही इथे इस्त्री करत होता?"

हातातल्या साड्या तिने छातीशी घट्ट धरल्या. आधी मामींकडे पाहिलं, मग साहेबाच्या वहीकडे.

"मी घरकामाला येते, सार," ती म्हणाली, आणि बरोबर म्हटलं ना हे विचारत माझ्याकडे बघितलं.