भुईगावचा बांध आणि दगडासारखे टायर

टायर या विषयावर आमच्या घरात गेले चार महिने जेवढी चर्चा झाली, तेवढी माझ्या लग्नाच्या वेळीही झाली नव्हती.

मी सेहेचाळीस वर्षांची, विरार पूर्वेला मनवेलपाड्यात राहते. गेल्या वर्षी हौसेने माउंटन बाइक घेतली आणि दिवाळीआधी तुंगारेश्वरच्या खडीच्या उतारावर तिच्यासकट आडवी झाले. मनगट सव्वा महिना प्लॅस्टरमध्ये. चिडून मी सगळ्यांसमोर म्हणून बसले, की आता परत पडले तर सायकल विकून टाकीन. घरच्यांनी हे वाक्य तेवढं झेललं. आमच्या ह्यांनी सी विंगमधल्या कदमांना बोलावूनही ठेवलं, रविवारी संध्याकाळी सहाला सायकल बघायला. म्हणून रविवारची सकाळ मी मागून घेतली. एक कच्चा उतार न पडता उतरले तर सायकल माझी, नाहीतर कदमांची. माझं खास असं या घरात त्या सायकलीशिवाय फारसं काही नाही, म्हणून जीव टांगणीला लागला होता.

आता सुहास. हा माझा धाकटा दीर. सायकलवर शेवटचा बसला तो दहावीत, पण टायरवरचे व्हिडिओ त्याने इतके पाहिलेत, की झोपेतही रबराबद्दल बोलत असेल. मी पडले ती टायरमुळे, हा निकाल त्याने मी हॉस्पिटलात असतानाच दिला होता. मग नालासोपाऱ्याच्या दुकानात नेऊन मोठमोठ्या रबरी बटणांचे दोन टायर घ्यायला लावले, जोडी साडेतीन हजारांना. दुकानदाराने एकच शहाणा प्रश्न विचारला होता, "मॅडम, चलाना किधर है?" मी तोंड उघडायच्या आत सुहासने सांगितलं, "ऑफ-रोड!"

रविवारी साडेसहाला निघालो. मी सायकलवर, मागे स्कूटरवर पंप, पाणी आणि सल्ले घेऊन सुहास. निघण्याआधी त्याने हवा भरली. टायरच्या कडेला हवेचा दाब कमाल ६५ पीएसआय असा लिहिलेला असतो, तर याने मोजून ६५ भरली, अंगठ्याने दाबून पाहिलं आणि म्हणाला, "दगड झालाय वहिनी, एकदम फिट."

भुईगावला जाऊ इच्छिणाऱ्यांना आधीच सांगते. विरार पूर्वेहून पंधराएक किलोमीटर अंतर आहे आणि त्यातलं जेमतेम दीड किलोमीटर कच्चं. बाकी सगळं डांबर, पेव्हर ब्लॉक, दर शंभर पावलांवर गतिरोधक आणि मधोमध उभे टँकर. त्या डांबरावर माझी बटणं अशी घोंघावत होती, की माणसं वळून बघत होती. पायांत गोळे आले. नालासोपारा पश्चिमेला एका सायकलवाल्या अण्णाकडे इडली खाल्ली. चटणी झकास होती, बसायला मात्र जागा नव्हती. सुहास इडली खाता खाता सांगत होता, की घोंघावणं ही चांगल्या पकडीची खूण आहे.

सांडोरला रस्ता एकदम सावलीत शिरतो. दोन्ही बाजूंना केळी आणि भाजीच्या वाड्या, पाटाच्या पाण्याचा वास. तिथे पाणी प्यायला थांबलो, तर एका वाडीच्या पायवाटेवरून एक काका सायकल चालवत आले. कॅरियरला केळीचे दोन मोठे घड, खाली गोणपाट. दोन्ही टायर झिजून गुळगुळीत आणि चक्क बसलेले. डांबर लागताच उतरले, केळीच्या सोपटाच्या दोरीने दांडीला बांधलेला पंप सोडला आणि शांतपणे हवा भरायला लागले.

"पंक्चर आहे काका?" सुहासने विचारलं. "आणि पकड तर काहीच राहिली नाही. टायर बदला आता."

"पंक्चर कशाला असंल?" काका हसले. बास्त्याव त्यांचं नाव. "वाडीतून निघताना हवा कमी ठेवायची, रस्त्याला आलो की भरायची. टनक चाकावर घड आपटतो. केळं काळं पडलं तर कोन घेल?"

"रोज असं करता?" मी विचारलं.

"रोज म्हंजे, माझा बापूस पन असंच करायचा, बाय. चाक नरम असलं की वाटेला धरून चालतं."

सुहास स्कूटर सुरू करता करता पुटपुटला, "जुनी माणसं." मीही फार मनावर घेतलं नाही. डोक्यात फक्त उतार होता.

भुईगावच्या खाडीकाठच्या खाजणातला बांध सुंदर आहे. एका बाजूला शेतं, दुसऱ्या बाजूला खारं पाणी, बगळे, आणि लांबवर सुरूची झाडं. सावली मात्र औषधालाही नाही, टोपी विसरू नका. बांधात भरतीचं पाणी अडवायला फळ्यांचं दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. तिथे वाट बांधावरून एकदम खाली उतरते. सुटी खडी, शिंपल्यांचा चुरा, मध्ये दोन खाचा. बरोब्बर तुंगारेश्वरसारखी.

सुहास स्कूटर लावून चालत आला आणि मोबाइल धरून उभा राहिला. मी निघाले. तिसऱ्या फुटावरच पुढचं चाक खडीवरून टणकन उडालं, बाजूला सरकलं, आणि मी कसाबसा डावा पाय टेकून सायकल सावरली. मनगटातून जुनी कळ गेली. पाय टेकला म्हणजे पडले नाही, असं मी जाहीर केलं.

"टायर कमी पडतायत वहिनी," सुहास म्हणाला. "अजून रुंद घ्यायला हवे होते. मी म्हणालो होतो."

"सुहास, आता एक शब्द बोललास ना, तर स्कूटरसकट तुला त्या उघाडीत ढकलीन!"

मी सायकल वर ओढली आणि तिथेच मातीत बसले. रडू येत होतं. भीतीचं कमी, वैतागाचं जास्त. साडेतीन हजारांची बटणं, चार महिन्यांची व्याख्यानं, आणि चाक तसंच उडतंय, आपटतंय. आपटतंय म्हटल्यावर बास्त्यावकाकांचा घड आठवला. गुळगुळीत टायरवरून त्यांची केळी डाग न पडता येत होती, आणि मी बटणं लावून आपटत होते.

केसातली पिन काढली आणि पुढच्या चाकाच्या व्हॉल्व्हमध्ये खुपसली. फुस्स.

"वहिनी! अहो, रिम वाकेल! ६५ लिहिलंय!"

"कमाल लिहिलंय. 'कमाल सहा माणसं' लिहिलेल्या आपल्या लिफ्टमध्ये तू रोज सहा जण गोळा करून चढतोस का?"

अंगठा थोडा आत जाईपर्यंत दोन्ही चाकांची हवा सोडली आणि निघाले. चाक यावेळी खडीवर बसलं, पहिली खाच त्याने गिळली, दुसरीत जरा डुललं, आणि मी खाली होते. उभी. दोन्ही पाय पेडलवर! एकटीच मोठ्याने हसले. मग वर चढून पुन्हा उतरले. एकूण चार वेळा.

डांबरावर आल्यावर सुहासने स्वतःहून पंप पुढे केला.

नवशिक्यांनो, माझ्यासारखे वेडे होऊ नका. जिथून जायचंय त्या सगळ्या वाटेचा टायर घ्या, फक्त व्हिडिओतल्या उताराचा नको. आपल्याकडे मधली पट्टी जवळजवळ अखंड आणि कडेला बटणं, असा मध्यम टायर पुष्कळ झाला. पुढचा जरा जास्त पकडीचा असला तर उत्तम. आणि आधी हवा बघा. रस्ता संपला की थोडी सोडा. अगदीच मऊ नको, दगडावर रिम लागते. पंप सोबत हवाच.

घरी येताना मनवेलपाड्याच्या वळणावर मी पुन्हा हवा सोडली. मुद्दाम. मला सायकल उतारावर होती तशीच बघायची होती.

सहाला कदम आले. सायकलभोवती फिरले, पुढच्या टायरवर अंगठा दाबला. "वहिनी, हिच्यात हवाच नाही की. पंक्चर दिसतंय."

मी विकायची नाही हे कसं सांगू याची जुळवाजुळव करत होते. आमचे हे माझ्याकडे बघत होते. एवढ्यात सुहास सोफ्यावरून उठला.

"हवा कमी नाही, बरोबर आहे," तो म्हणाला. "बसा, समजावून सांगतो. तुम्ही केळीचा घड कधी सायकलवरून नेलाय?"

मी चहा ठेवायला आत गेले. चहा झाला, तरी त्याचं चालूच होतं. कदमांनी कप संपवला, घड्याळ पाहिलं, आणि सायकलीचं नावही न काढता निरोप घेतला.