आतोबांचा फणसांबा

ठाण्यापासून कल्याणपर्यंत असे एकही वठते झाड नव्हते, की ज्याच्या बुंध्याला आमच्या आतोबांनी नाक लावून पाहिले नव्हते. कचेरीतली नोकरी संपल्यावर माणसे देवधर्माला लागतात. आतोबा अळंब्यांना लागले. खोडावर उगवणारी, लाकडासारखी टणक अळंबी. त्यातही फणसाच्या खोडावरचा तो फणसांबा. लहान मुलांचे तोंड आले की तोच सहाणेवर उगाळून लावायचा, आणि तो ओळखणे आपल्याखेरीज कोणाला जमत नाही, अशी त्यांची ठाम समजूत. दुकानदाराने फणसांबा पुढे केला की ते मोडून रंग बघत, हुंगत, जिभेला लावत आणि डोळे मिटून म्हणत, "आंब्यावरचा आहे. फसलास!" एकदा कल्याणला लग्नाच्या पंगतीत मांडवाच्या खांबावर त्यांना वाळके अळंबे दिसले. भरल्या पानावरून उठून त्यांनी खांब ठोकला. "अळंबे बाहेर आले म्हणजे लाकूड आतून गेलेच. मंडळींनी जरा सरकून बसावे," असे त्यांनी सांगताच अर्धी पंगत उठली. वधूपित्याने पुढे वर्षभर त्यांच्याशी अबोला धरला होता.

त्यांच्या नौपाड्यातल्या घरामागे, छपरावर झुकलेला एक फणस होता. आत्याने लावलेला. ती गेल्यावर तिसऱ्या वर्षी त्याच्या बुंध्यावर ताटलीएवढे अळंबे आले. मी दाखवले, तर हा जाणकार म्हणतो, "छे रे, शेवाळ आहे ते." मी पोट धरून हसलो. पुढे प्रत्येक भेटीत, "काय आतोबा, शेवाळ कसे आहे?" असे विचारायचो. ते पानाचा डबा उघडून विषय बदलत.

मग माझ्या चार महिन्यांच्या मुलीचे तोंड आले. दोन दिवस ती दूध ओढेना, रडायचेही त्राण उरले नाही. दुकानांतला सगळा माल आतोबांनीच बाद केलेला. मी धावत त्यांच्याकडे गेलो. "आतोबा, खरा फणसांबा कुठे मिळेल?"

ते पानाच्या डब्याकडे वळले, पण तो न उघडताच उठले. मग कोयता घेऊन मागीलदारी गेले. आमच्या घरी येऊन त्यांनी स्वतः उगाळले, स्वतःच्या बोटाने तिच्या हिरड्यांना लावले. हुंगले नाही, चाखले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पोर दूध प्यायली.

"फणसावरचाच होता ना, आतोबा?" माझ्या बायकोने भीत भीत विचारले.

"फणसावरचाच, मुली," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आतून गेलंच ते झाड. लाकूडतोड्याला तूच सांगून ये रे. माझ्याच्यानं सांगवणार नाही."

मी सांगून आलो. वाटेत मला माझ्या हसण्याची फार लाज वाटली.