ईरिसची सतरंजी

आमच्याच इमारतीत राहणारी तुइरे चिंध्यांच्या सतरंज्या विणते आणि आता त्यावरच तिचं पोट चालतं. लोक फाटक्या चादरी, पडदे, गेलेल्या नवऱ्याचे शर्ट आणून देतात. ती त्यांच्या पट्ट्या कापून मागावर विणते. आमच्या कुओपिओ गावात तिच्या सतरंजीसाठी आता थांबावं लागतं. पण इथवर पोचायला बाईचा अर्धा जन्म गेला.

लेक ईरिस तान्ही असतानाच नवरा निघून गेला. मग तुइरेनं बेकरीत पहाटेची पाळी धरली. पुढे शहर बस चालवली, पाठ धरली तेव्हा शाळेच्या स्वयंपाकघरात लागली. ती जगाच्या पोरांना वाढायची आणि तिच्या पोरीच्या वेण्या मी घालायचे, तेही रोज तोंड वाजवत. इमारतीच्या तळघरात सगळ्यांचा मिळून एक माग होता, त्यावर तुइरेचा हात बसला. "एकदा घरबसल्या काम मिळू दे," ती म्हणायची, "मग पोरीला डोळे भरून बघेन." तसं काम मिळालं, तोवर ईरिस हेलसिंकीला नोकरीला निघूनही गेली होती. मला अजून त्याचा राग येतो. कुणाचा ते कळत नाही.

गेल्या हिवाळ्यात ईरिसनं लग्न करून नवं घर घेतलं. तुइरेनं जपून ठेवलेले कपडे काढले आणि लेकीसाठी सतरंजी विणली.

"नको गं आई," ईरिस फोनवर म्हणाली. "आमचा केर काढायचा रोबो दशा गिळतो."

"बरं," तुइरे म्हणाली. आमच्याकडे 'बरं' म्हटलं की विषय मिटतो. तिनं सतरंजी मागापुढे पायाखाली अंथरली. कुणी मागितली तर मात्र विकायची नाही म्हणायची.

युहान्नुसच्या, म्हणजे भर उन्हाळ्यातल्या सणाआधी सगळं गाव तळ्याकाठी सतरंज्या धुतं. आम्हीही गुडघे टेकून ईरिसचीच सतरंजी घासत होतो. सासरच्या कॉटेजवर जाता जाता ईरिस तिथे डोकावली. नवरा गाडीतच बसला होता.

"ये बाई, पाहुणी आली!" मी म्हटलं. "वेलदोड्याचा पाव आहे पिशवीत. रोबोला नाही देणार."

"मावशी, पुरे हं!" ती हसली. मग फेसातली सतरंजी बघत राहिली. "आई, ही पांढरी पट्टी कशाची?"

"बेकरीचा झगा."

"आणि ही निळी?"

"बसचा गणवेश. ती चौकड्याची शाळेच्या स्वयंपाकघरातली."

"आणि मधली ही पिवळी?"

"तुझा फ्रॉक."

पिवळी पट्टी जेमतेम दोन बोटं रुंद होती. "अख्ख्या सतरंजीत मी एवढीशीच?" ईरिसनं विचारलं.

तुइरेचा ब्रश थांबला नाही. "माझ्या वाट्याला तेवढीच आलीस."

ईरिस नवऱ्याशी काहीतरी बोलून आली. गाडी निघून गेली. तिनं बूट काढले, माझ्या हातातला ब्रश घेतला आणि आईशेजारी फेसात गुडघे टेकले.

"वाळायला किती वेळ लागेल हिला?"

"ऊन असलं तर दोन दिवस."

"मग वाळेपर्यंत आहे मी. घेऊनच जाईन."

तुइरेनं वर पाहिलं. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

"पाऊस येईलसं वाटतंय," ती म्हणाली.