रोजची संकष्टी

डॉक्टरांनी निदान सांगितलं, तेव्हा तुमचे आजोबा शेजारच्या खुर्चीत बसून शर्टाची बटणं काढत होते आणि पुन्हा लावत होते.

"अल्झायमर्स डिसीज," डॉक्टर म्हणाले. मी त्यांना स्पेलिंग विचारून वहीत लिहून घेतलं. मेंदूच्या पेशी हळूहळू निकामी होतात. आधी आठवण जाते, मग सवयी, आणि शेवटी घास गिळणंही जमत नाही.

"औषध?" मी विचारलं.

"औषध नाही, बाई. खाणंपिणं सांभाळा. तेवढंच आपल्या हातात."

केदार, अनघा, आजोबांना नेमकं काय झालंय असं तुम्ही टोरांटोहून प्रत्येक पत्रात विचारता, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. मराठी जड गेलं तर आईकडून वाचून घ्या. तिथे कुणाच्या घरी असं दुखणं आलं, तर त्यांनाही सांगा. माझ्या चुका तर नक्कीच सांगा.

खाणंपिणं सांभाळणं मला सोपं वाटलं होतं. मी आठवड्याचा तक्ता करून फ्रिजवर चिकटवला. सकाळी दूध-पोळी, दुपारी वरण-भात, पालेभाजी, कोशिंबीर. पहिले काही महिने ते जेवले. मग एके दुपारी त्यांनी ताट हाताने दूर सारलं.

"आज संकष्टी ना?"

लग्नाच्या आधीपासून त्यांनी संकष्टीचा उपास कधी चुकवलेला नाही. मी तो कधी केला नाही आणि त्यांनीही कधी आग्रह धरला नाही.

"नाही हो. संकष्टी मंगळवारी झाली. हे बघा." मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्यांच्यापुढे धरलं.

त्यांनी ते नीट वाचलं, मान हलवली. भात पुढे केला, तर पुन्हा, "आज संकष्टी ना?"

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मी रोज कॅलेंडर दाखवत होते. मुलींच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं, चुकीचं उत्तर तसंच सोडून देणं मला जमत नाही. एकदा मी आवाज चढवला, तेव्हा ते म्हणाले, "मला बाटवायला बसलीस?" आणि ताट उलटं केलं. त्या दिवशी मी वरण पुसता पुसता जमिनीवरच बसून राहिले. उठावंसंच वाटेना.

अठ्ठावन्न किलोचे आजोबा चव्वेचाळीसवर आले. डॉक्टरांनी वजनकाट्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तीन आठवडे देतो. आणखी उतरलं तर रायल्स ट्यूब घालावी लागेल." म्हणजे नाकातून थेट पोटात जाणारी नळी. तिच्यातून पातळ अन्न घालतात.

बाहेर पडताना वॉर्डाच्या दारातून मला एक गृहस्थ दिसले. नाकात नळी होती, आणि ती उपटू नये म्हणून दोन्ही मनगटं बँडेजने खाटेला बांधलेली. आजोबांनी शर्टाची बटणं काढली. मी ती लावली.

दुसऱ्या दिवशी पोळ्या करायला येणारी शेवंता ओट्याशी उभी राहून आमचा रोजचा वाद ऐकत होती. ती मालवणची, आजोबांना भाऊ म्हणते, तिच्या बोलण्याला आडपडदा नाही.

"वैनी, तुम्ही शिकलेली माणसं ना, त्या कॅलेंडराशी लगीन लावलंत. भाऊ म्हणतत उपास, तर असूं दे उपास! उपासाला माणूस उपाशी ऱ्हवता काय? चार जास्तच पदार्थ खाता."

एवढे महिने मी त्यांना उपास नाही हे पटवत होते आणि ते उपाशी राहत होते.

मी आत गेले. "अहो, खरंच की, आज संकष्टी. मीच विसरले. फराळ करता ना?"

"आण," ते म्हणाले.

ही माझी रीत आता लिहून ठेवते. उकडलेलं रताळं साजूक तुपात कुस्करून. दाण्याची आमटी, पण कूट अगदी बारीक, अख्खा दाणा घशात अडकून ठसका लागतो. वरीचा भात मऊ, दह्यात कालवून. राजगिऱ्याची लापशी, दूध-गूळ घालून. साबुदाणा नाही, तो चिकट होऊन घशाला बसतो. हळद नाही, पिवळं दिसलं की हे उपासाचं नाही हे ते ओळखतात. एका वेळी एकच वाटी, कारण चार पदार्थ समोर आले की ते गोंधळतात. आणि वाटी हिरव्या प्लास्टिकची. स्टीलच्या ताटातला पांढरा भात त्यांना दिसतच नसे. हे कळायला मला किती उशीर झाला.

अजून एक कबूल करते. लापशीत मी भाजलेल्या मूगडाळीचं पीठ मिसळते. डाळ उपासाला चालत नाही. ज्या माणसाने आयुष्यभर हा नेम पाळला, त्याचा उपास मी रोज त्याच्या नकळत मोडते आणि तो माझ्यावर विश्वास ठेवून "छान झालंय" म्हणतो. माझा देवावर फारसा विश्वास नाही, तरी पीठ घालताना हात अडखळतो. आणि तरी घालते.

तीन आठवड्यांनी काटा सव्वापंचेचाळीसवर थांबला. डॉक्टर म्हणाले, "नळी आत्ता नको. पुढच्या महिन्यात बघू. पण बाई, हा आजार थांबत नाही, एवढं लक्षात असू द्या."

लक्षात आहे. आता लापशीचाही ठसका लागतो. एक वाटी संपायला तास लागतो. रेडिओ बंद करून मी त्यांच्यासमोर बसते आणि प्रत्येक घास गिळला की नाही हे गळ्याकडे बघून ठरवते.

काल नऊ चमच्यांनंतर त्यांनी तोंड मिटून घेतलं. मी विनवलं, तरी ते तोंड उघडेनात. माझ्या डोळ्यांना पाणी आलं असावं. त्यांनी माझ्या हातातला चमचा काढून घेतला, लापशी भरली आणि माझ्या तोंडाशी धरली.

"घ्या, बाई," ते म्हणाले. "तुम्हीही सकाळपासून उपाशी दिसता. आमच्या घरी उपासाचं फार चांगलं करतात."

त्या चमच्यातला प्रत्येक कण त्यांच्या पोटात जायला हवा होता. मी तोंड उघडलं आणि खाल्लं. लगेच त्यांनी दुसरा चमचा भरला. तो मात्र मी त्यांच्याच ओठांकडे वळवला, आणि त्यांनी तो गिळला.