चर्चमागची मेंढी

पेटीतली घोंगडी बाहेर काढली, की बायको दरवर्षी म्हणते, एकदा धुऊन टाका. मला मात्र त्या लोकरीच्या वासानं इंग्लंडमधलं एक जुनं शहर आठवतं. नव्वदच्या दशकात आमच्या कऱ्हाटी गावची द्राक्षं तिकडं जाऊ लागली, तेव्हा बागायतदारांच्या सहलीत मी वडिलांनाही नेलं होतं. शहरातलं कित्येक शतकांचं दगडी चर्च बघायला सगळे आत शिरले आणि आबा दिसेनात. शोधत मागच्या कुरणात गेलो, तर भुरभुर पावसात हीच घोंगडी पांघरून, एका लंगड्या मेंढीला गुडघ्यांत धरून ते बसलेले. मी चिडलो, “आबा, एवढ्या लांब येऊन मेंढरंच बघायची व्हती व्हय?” “खुरात खडा हाय, धर हिला,” एवढंच म्हणाले. बागेपायी आमचा कळप विकल्यापासून त्यांनी मेंढराला हात लावला नव्हता. खडा निघाला, मेंढी पळाली. हात धुवायला मी पाण्याची बाटली पुढं केली, तर तळवे हुंगत म्हणाले, “ऱ्हाऊ दे आज.” ते चर्च आतून कसं होतं, मी पाहिलंच नाही. आबा आता नाहीत. काल बायकोनं घोंगडी पुन्हा बादलीकडं नेली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “ऱ्हाऊ दे आज.”