उडालं की येते

मुरबाडच्या स्टँडवर मी कंट्रोलर होतो. माळशेजकडे जाणारी असो, टोकावड्यापर्यंतची असो, माझ्या शिट्टीशिवाय गाडी हलायची नाही. एकदा ती फलाटावरून सुटून वळणाआड गेली, की माझा तिच्याशी संबंध संपला. पुढे घाटात पंक्चर होवो नाहीतर बंद पडो, ते ड्रायव्हर-कंडक्टरने बघावं. निवृत्त झालो तरी ही खोड अंगातून गेली नाही, आणि तिनेच मला शेवटी तोंडघशी पाडलं.

आमची एकुलती एक मुलगी बंगळूरला उपग्रहाच्या कॅमेऱ्यावर काम करते. वरून शेतं, रानं, पाणी बघणारा कॅमेरा. आमच्या शेणवे गावात कुणी विचारलं की मी सोपं करून सांगायचो: रॉकेट म्हणजे गाडी, उपग्रह म्हणजे पॅसेंजर, आणि आमची पोरगी त्या पॅसेंजरचे डोळे बनवते. लोकांना ते पटायचं. मलाही पटलं होतं.

गणपतीत तिचा फोन आला. सुट्टी नाही म्हणाली. मग माझा आवाज उतरलेला ऐकून घाईघाईने म्हणाली, "बाबा, पण नव्याला नक्की. उडालं की येते!"

नवं म्हणजे नव्या तांदळाचा पहिला भात. आमच्या घरची रीत अशी की हळवं, म्हणजे आधी पिकणारं, भात कापून झोडून झालं की एक दिवस धरायचा, देवाला दाखवायचं आणि घरातल्या सगळ्यांनी एका पंगतीत बसून पळसाच्या पानावर तो भात खायचा. वारलेल्यांसाठी एक पान चुलीपाशी वेगळं वाढतात. जित्या माणसाने मात्र स्वतः येऊन बसायचं. तो लांब आहे म्हणून त्याच्या नावाने पान वाढायचं नाही, कारण नावाने पान फक्त गेलेल्यांचं. पूर्वी माणसं लांब म्हणजे खर्डीला नाहीतर कल्याणला जायची. कुणी अडकलाच तर दोन दिवस थांबायचे. एवढंच.

तर माझ्या घरात नवा भात कधी शिजणार, हे रॉकेट कधी उडणार यावर येऊन ठेपलं. मुलीनेच मला फोनवर ते पान काढून दिलं, जिथे पुढच्या सगळ्या उड्डाणांच्या तारखा असतात आणि कुठल्या रॉकेटातून कुठला उपग्रह जाणार तेही असतं. आमच्या तारखेपुढे लिहिलेलं, ‘अमुक तारखेच्या आधी नाही’. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. आधी नाही म्हणजे काय? मग कधी? मी जर स्टँडवर असं लिहिलं असतं, ‘नगर गाडी सातच्या आधी नाही’, तर लोकांनी मला खुर्चीसकट उचलून रस्त्यावर ठेवला असता.

स्टँडवरचा एक टाकून दिलेला फळा मी निवृत्त होताना मागून आणला होता. तो पडवीत टांगला आणि खडूने लिहिलं, ‘श्रीहरिकोटा ते अंतराळ’, खाली तारीख. दसऱ्याच्या आधीची होती. ती पुसून दसऱ्यानंतरची लिहिली. कुठलासा व्हॉल्व्ह गळत होता म्हणे. मग आमच्या मुख्य पॅसेंजरबरोबर जाणारा एक छोटा उपग्रह तयार नव्हता, म्हणून पुन्हा पुसली. मी फोनवर कडाडलो, "ज्याचं रिझर्व्हेशन आहे त्याने वेळेवर यायला नको? सोडा त्याला फलाटावर!" ती हसली. किती दिवसांनी हसली असेल कुणास ठाऊक. फोन ठेवल्यावर तेच हसणं मी बराच वेळ कानात घोळवत बसलो होतो.

मग वादळ आलं, बंगालच्या उपसागरात. इकडे आमच्याकडे लख्ख ऊन, आणि मी रोज सकाळी त्या समुद्रावरची हवा बघतोय. शेजारी जाता-येता विचारायचे, "काय कंट्रोलर, गाडी लेट काय?" मी म्हणायचो, "तुझी बैलगाडी तर सुटली ना? मग जा!"

जुने तांदूळ संपले. कणगी नव्या भाताने काठोकाठ भरलेली, आणि आम्ही रेशनचा तांदूळ आणून खात होतो. गावात हसं झालं. बायकोला बायका म्हणाल्या, गो, चार दाणे कांडून घे, देव काय रागावतो? ती म्हणाली, "देवाचं मला नाय माहीत. मी रागवेन." दिवाळीलाही रेशनचाच भात होता. ताटावर बसली की ती मधेच पाण्याच्या निमित्ताने उठायची आणि कणगीपाशी जाऊन उगाच तिच्यावर हात फिरवून यायची. मला दिसायचं. मी भातात आमटी कालवत राहायचो. माझंही मन त्या पोरीच्या पावलांकडे लागलेलं. संध्याकाळची शहापूरची गाडी नाक्यावर थांबल्याचा आवाज आला की मी पडवीत येऊन उभा राहायचो, ती येणार नाही हे पक्कं ठाऊक असूनही.

थंडी पडल्यावर एकदाची तारीख टिकली. सकाळची वेळ होती. घरात रेंज धड नाही, म्हणून आम्ही दोघं शाळेमागच्या टेकाडावर जाऊन बसलो. फोनवर आकडे उलटे मोजले गेले, खाली आग झाली, आणि ते पांढरं लांबडं धूड वर निघालं. बायकोने माझं मनगट एवढं आवळलं की बोटांचे वळ उठले. ते दिसेनासं झालं. पुढे बऱ्याच वेळाने आमचा पॅसेंजर वर आपल्या कक्षेत सुखरूप उतरल्याचं सांगितलं, पडद्यावरची माणसं टाळ्या वाजवून एकमेकांना मिठ्या मारायला लागली, आणि माझा जीव भांड्यात पडला. टेकाडावरून खाली येताना बायको चक्क पळत होती. घरी येऊन तिने उखळ धुतलं. मी फळा पुसला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘गाडी सुटली’.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. मी पहिलंच विचारलं, "तिकीट काढलंस का?"

ती म्हणाली, "बाबा, आता तर माझं काम सुरू होणार. कॅमेरा हळूहळू चालू करायचा, तपासायचा. उपग्रह वरून जातो तेवढ्याच वेळात त्याच्याशी बोलता येतं. मला हलता येणार नाही."

"उडालं की येते म्हणालीस!"

"म्हणाले. मला वाटलं होतं, कुणीतरी बदली मिळेल. नाही मिळाला. बाबा, तुमची गाडी सुटली की ड्यूटी संपते हो. माझी पॅसेंजर उतरल्यावर सुरू होते."

कपाळ माझं! इतके महिने मी लवकर सुटो, लवकर सुटो म्हणून देव पाण्यात घातले, आणि ती सुटली तीच आमच्या पोरीला अडकवून. कुणावर ओरडायचं तेही कळेना. मी पडवीत जाऊन फळा उतरवला आणि भिंतीकडे तोंड करून ठेवला.

बायको उखळापाशी तशीच बसून होती. रडेल असं वाटलं मला. ती म्हणाली, "अवो, सगळ्यांनी एका पंगतीत बसायचं, एवढंच आहे ना? पंगत कुठं मांडायची ते काय कुणी सांगितलं नाय."

त्या आठवड्यात तिने हाताने भात कांडला, पळसाची पानं ओल्या फडक्यात गुंडाळली, आणि आम्ही बंगळूरला गेलो. गाड्या सोडण्यात जन्म गेला माझा, पण एवढ्या लांबच्या गाडीत मी पहिल्यांदाच बसलो.

मुलीची खोली लहान. ती दुपारी धावतच आली. गळून गेली होती पोर, डोळ्यांखाली काळं. आईने गॅसवर भात शिजवला. त्या वासाने मुलीने डोळे मिटले आणि म्हणाली, "आये, घर आलं गो." गॅसपाशी गेलेल्यांचं पान वाढलं, देवाला दाखवलं आणि आम्ही तिघं मांडी घालून बसलो. तिने पहिला घास घेतला. दुसरा घेतला. तेवढ्यात तिचा फोन वाजला. कॅमेऱ्याचं काहीतरी बिनसलं होतं, आणि उपग्रह यायची वेळ होत आली होती. उष्टा हात पुसत ती उठली, "आलेच" म्हणाली आणि गेलीसुद्धा.

नव्याच्या पंगतीतून मधेच उठत नाहीत. मी ओरडणार होतो, पण तोंडात तिच्यासाठी इतके दिवस राखलेला भात होता. समोर तिचं अर्धं पान. माणूस नाही आणि पान वाढलेलं.

"हे आता उचल," मी बायकोला म्हणालो. "बरं दिसत नाही."

तिने डाव्या हाताने शेजारचं ताट ओढलं आणि त्या पानावर पालथं घातलं.

"गेलेल्याचं पान उघडं असतं," ती म्हणाली. "जो यायचा असतो त्याचं झाकून ठेवतात."

पंगत मोडायची नाही म्हणून आम्ही दोघं उठलो नाही. हातावरची शितं वाळून कडक झाली, आणि आम्ही तसेच दाराकडे बघत बसून राहिलो. आलेच म्हणाली होती.